ज्ञानतंतूंवरील गाठी, महारोग आणि वंशावळींची साक्ष

निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते विठ्ठल शिवदेव यांच्यामुळे. पानिपतच्या मोहिमेतील या सरदाराच्या घराण्यास गावावरूनच विंचूरकर हे उपनाव प्राप्त झाले. अशा जहागीरदार घराण्यांच्या वंशावळी जतन झाल्या, कारण वतनाचा वारसा त्यांवरून ठरे. मालमत्तेचा वारसा सांगणारे हे साधन शरीराच्या वारशाविषयी कितपत बोलते, हे ज्ञानतंतूंच्या आवरणावर अनेक गाठी उत्पन्न करणाऱ्या आनुवंशिक विकारांच्या निमित्ताने तपासून पाहण्याजोगे आहे.

या विकारांपैकी प्रमुख विकारात त्वचेवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे अंगभर मऊ गाठी उठतात. डब्लिनच्या रॉबर्ट स्मिथ याने 1849 मध्ये अशा रोग्यांचे वर्णन केले. परंतु या गाठी ज्ञानतंतूंशी निगडित आहेत हे निःसंदिग्धपणे दाखविले ते स्ट्रासबुर्ग येथील फोन रेक्लिंगहाउझेन याने, 1882 मध्ये. दुसऱ्या एका विकारात दोन्ही श्रवणतंतूंवर गाठी वाढून बहिरेपण येते. हे दोन विकार दीर्घकाळ एकच मानले गेले.

मराठी मुलुखात त्याच सुमारास ज्ञानतंतूंचा विचार चालला होता, पण तो महारोगाच्या संदर्भात. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकविणारा आणि पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन झालेला हेन्री व्हॅन्डाइक कार्टर याने महारोग्यांच्या जाड झालेल्या ज्ञानतंतूंचे बारकाईने निरीक्षण केले. (ग्रे याच्या प्रसिद्ध शरीररचनाग्रंथातील चित्रे याच कार्टरची.) नॉर्वेचे डानिएल्सेन व बोएक यांनी 1847 मध्ये महारोग आनुवंशिक ठरविला होता, आणि कार्टरचाही कल आरंभी त्याच मताकडे होता. 1873 मध्ये हान्सेन याने रोगजंतू पाहिला आणि हे मत हळूहळू मागे पडले. योगायोग असा की, जो रोग आनुवंशिक समजला जात होता तो सांसर्गिक ठरला, आणि ज्याच्या गाठी पाहून लोक संसर्गाचे भय धरीत तो विकार मात्र खरोखर आनुवंशिक निघाला.

या भयास दृश्य कारण होते. महारोगाच्या एका प्रकारातही चेहऱ्यावर व कानांवर गाठी येतात. महारोगाचा चट्टा बहुधा फिकट व बधिर असतो, तर दुसऱ्या विकाराचा डाग गडद असून तेथील संवेदना शाबूत असते. पण हा भेद सुईने टोचून पाहणाऱ्यास कळावयाचा, गावकऱ्यांच्या नजरेस नव्हे. 1898 च्या महारोग्यांविषयीच्या कायद्याने व्रण झालेल्यांनाच महारोगी मानले आणि निराधारांस अटकावून ठेवण्याचा अधिकार दिला. तो कायदा 2016 मध्ये रद्द झाला. गावाच्या बहिष्कारास मात्र व्रणाची अट नव्हती. म्हणून जुन्या कागदांतील ‘महारोगी’ किंवा ‘रक्तपिती’ या शब्दांवरून आजचे रोगनिदान काढणे धोक्याचे होय. तो शब्द रोगाचे नाव जितका सांगतो, तितकाच त्या माणसास पंक्तीबाहेर कोणी व का बसविले हेही सांगतो.

आता वंशावळींकडे वळता येईल. 1930 मध्ये गार्डनर व फ्रेझियर यांनी अमेरिकेतील एका कुटुंबाच्या पाच पिढ्यांत 38 जण दोन्ही कानांनी बहिरे असल्याचे प्रत्यक्ष फिरून नोंदविले. वतनदारी वंशावळीत अशी नोंद मिळणे कठीण. हे विकार बाधित पित्याकडून तसेच बाधित मातेकडून, मुलास व मुलीस सारख्याच संभाव्यतेने, म्हणजे दर अपत्यास निम्म्या शक्यतेने जातात. वंशावळीत मुली बहुधा नसतातच. दत्तकामुळे कागदावर वंश अखंड दिसतो, रक्ताचा धागा मात्र तुटलेला असतो. शिवाय पहिल्या विकाराचे सुमारे अर्धे रोगी असे असतात की त्यांच्या मातापित्यांस तो नसतो. जनुकातील बदल त्यांच्यातच प्रथम घडलेला असतो. हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे निश्चित होऊन ते 1990 मध्ये हाती आले, आणि बाविसाव्या गुणसूत्रावरील दुसरे 1993 मध्ये. त्यापूर्वी ‘आमच्या घराण्यात असे कोणास नव्हते’ असे सांगणाऱ्या मातेवर अविश्वास दाखविला गेला असेल, तर ती खरेच बोलत असण्याचा संभव मोठा होता.