श्रावणाची मुदत

आषाढ अमावस्येच्या आधीचा रविवार आमच्या भागात रस्त्यावरूनच ओळखू येतो. मुंबई-नाशिक महामार्गावर शहापूर, आसनगावपासून खर्डी, कसाऱ्यापर्यंत आणि कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावर ढाबे भरलेले असतात, कोंबडीच्या दुकानांसमोर रांगा लागतात आणि दारूच्या दुकानात उभे राहायला जागा नसते. पंचांगात ही दिव्यांची अवस. लोकांच्या तोंडी मात्र ती गटारी. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की हीच माणसे महिनाभर बाटलीला हात लावत नाहीत. 2023 साली अधिक श्रावण आला, तेव्हा ‘अधिक धरायचा की निजच?’ हा प्रश्न घरोघरी निघाला. कोणी दोन्ही महिने पाळले, कोणी अधिक मास हिशेबातून वगळला. नियम किती काटेकोर आणि तरी किती लवचिक असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

एक महिना दारू सोडल्याने काय साधते, हा प्रश्न आज डॉक्टरांना पडतो. ठाणे जिल्ह्यात तो सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी सरकारलाही पडला होता, वेगळ्या कारणाने. दोन्ही बाजू एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय श्रावणाच्या या महिन्याचे मोल कळत नाही, असे मला वाटते.

आधी डॉक्टरांची बाजू. ब्रिटनमध्ये 2013 पासून जानेवारी महिना दारूविना काढण्याची मोहीम चालते. लंडनच्या डॉक्टरांनी बऱ्यापैकी पिणाऱ्या 94 जणांना महिनाभर दारू सोडायला लावून तपासले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, शरीर इन्सुलिनला जो विरोध करते तो सुमारे चतुर्थांशाने कमी झालेला आढळला, वरचा रक्तदाब सहा टक्क्यांहून अधिक उतरला आणि वजन दीड टक्क्याने घटले. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना असेही दिसले की महिना पाळणारे लोक सहा महिन्यांनंतरही आधीपेक्षा कमी दिवस पीत होते. महिना पुरा करू न शकलेल्यांतही थोडा फरक पडला होता. यात एक गोष्ट विसरता येत नाही. ही माणसे आपणहून पुढे आलेली होती आणि त्यांचे पिणे अजून व्यसनाच्या टोकाला गेलेले नव्हते.

ज्याचे शरीर रोजच्या दारूवरच चालते, त्याला एका रात्रीत दारू तोडणे धोक्याचे असते. हात थरथरणे, घाम, झोप उडणे इथून सुरुवात होते. दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ लागतात, क्वचित जीवही जातो. अशा माणसाला संकल्पाच्या आधी डॉक्टर लागतो. ‘श्रावणात चार दिवससुद्धा धीर धरवला नाही’ म्हणून घरचे ज्याची हेटाळणी करतात, तो पुष्कळदा आजारी असतो. महिना पाळणाऱ्याला त्यातून आरोग्य मिळते. न पाळू शकणारा त्यातून ओळखू येतो. हा दुसरा उपयोग पहिल्याहून मोठा आहे, पण आपण तो करून घेत नाही.

आता सरकारची बाजू. शहापूर-मुरबाडच्या जंगलपट्टीत दारू म्हणजे मोहाची. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली फुले बायका-मुले वेचून आणतात, वाळवतात. टंचाईत ती खातात, बियांचे तेल काढतात आणि फुले आंबवून दारू गाळतात. लग्न, देवकार्य, मयत यांत तिला स्थान होते. ती घरची वस्तू होती, त्यामुळे पिण्याला मोहाच्या हंगामाची आणि सणावाराची मर्यादा आपोआप पडे.

1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने ही व्यवस्था मोडली. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू मोठ्या भट्ट्यांत गाळायची आणि मक्तेदाराच्या दुकानांतून विकायची, असे धोरण आले. उरण हे या मोहाच्या दारूचे मोठे केंद्र झाले. ताडीच्या झाडांवरचा करही वाढला. आता वर्षाचे बाराही महिने दुकान उघडे राहू लागले आणि दारूला रोकड लागू लागली. रोकड नसेल तिथे उधारी आली आणि उधारीमागून सावकार आला. पिण्याला असलेली हंगामाची मर्यादा गेली, ती अशी.

यावर 1886 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जे घडले ते फारसे सांगितले जात नाही. आगरी, कोळी अशा समाजांनी जातीच्या बैठका घेऊन दारू न पिण्याच्या शपथा घेतल्या. दारू पाप आहे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ती महाग केली, हा राग होता. आज आपण याला ग्राहकांचा बहिष्कार म्हणू. लोक व्यसन सोडताहेत म्हणून सरकारला आनंद झाला नाही. त्याच्या लेखी तो महसुलाला बसलेला फटका होता. पुढे 1892 मध्ये खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला आणि फुले जवळ बाळगण्यावर, त्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. त्याच वर्षी शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईला पोहोचले. एकाच साली इथले पाणी शहराकडे वळले आणि इथले फूल सरकारी नियमाखाली आले.

दुसरी लाट 1922 ची. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांमध्ये देवीचा संचार सुरू झाला. तिथून ती डोंगराळ भागातल्या आदिवासींमध्ये, पुढे डांग आणि सुरतेकडे पसरली. अंगात आलेल्या भक्तांच्या तोंडून देवी सांगे : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, पारशी दुकानदारांकडे जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर 1987 मध्ये आख्खा ग्रंथ लिहिला. त्यांनी दाखवले की ही निव्वळ भोळी भक्ती नव्हती. ज्या दुकानदार-जमीनदारांच्या हाती दारू, कर्ज आणि जमीन तिन्ही होती, त्यांच्या पकडीतून सुटण्याची ती धडपड होती. दारू सोडल्याने पैसा घरात राहिला आणि माणूस ताठ उभा राहू लागला. म्हणूनच दुकानदार चवताळले. काही काळाने सुरत भागात समाजाचे दोन तट पडले. वर्ज्य करणारे ते ‘वरजेला’, पुन्हा पिऊ लागलेले ते ‘सरजेला’. शपथ संपल्यावरचा दिवस शपथ घेण्याच्या दिवसापेक्षा अवघड असतो, हे या दोन शब्दांत आले आहे.

तिसरा प्रयोग कायद्याचा. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल 1950 पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी लागू झाली. जंगलात आणि खाडीकाठी हातभट्ट्या पेटल्या. मोहाची जागा गूळ-नवसागराच्या दारूने घेतली. पुढे बंदी सैल होत गेली, पण हातभट्टी राहिली. यात कोणी शपथ घेतली नव्हती. बंदी वरून आली होती, त्यामुळे ती मोडण्यात कोणाला अपराध वाटला नाही.

या तिन्हींशेजारी श्रावण ठेवून पाहावा. त्याला शपथ लागत नाही, पोलीस लागत नाही, देवीचा संचारही लागत नाही. कॅलेंडर आणि शेजारी एवढे पुरते. सगळेच पीत नसतात, म्हणून न पिणाऱ्याला कारण सांगावे लागत नाही. ‘श्रावण आहे’ म्हटले की आग्रह थांबतो. एरवी दारू सोडू पाहणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण मित्रांचा आग्रह हीच असते, ती या महिन्यात नाहीशी होते. ही सोय डॉक्टरांच्या कुठल्याही मोहिमेला सहज निर्माण करता येणारी नाही.

पण श्रावणाची ताकद आणि त्याची कमजोरी एकाच ठिकाणी आहे. त्याला मुदत आहे. भाद्रपद लागला की गणपती येतात, कोकणपट्टीत कित्येक घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो आणि महिनाभर राखलेले दोन दिवसांत भरून निघते. दुकानदार हे जाणतो, म्हणून श्रावणाला कोणी घाबरत नाही. 1886 च्या आणि 1922 च्या शपथांना शेवटची तारीख नव्हती. म्हणून त्यांची भीती वाटली आणि म्हणून त्या मोडण्यासाठी जोर लावला गेला.

मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर श्रावण हा बहुधा हाती पैसा नसण्याचा काळ. भाताची लावणी उरकलेली, कणगी रिकामी आणि नवे धान्य लांब. या महिन्यात मजुरीचे पैसे घरात येतात की नाही, हे घरच्या बाईला अचूक सांगता येते. श्रावणातला आणि भाद्रपदातला खर्च तिने शेजारी शेजारी मांडला, तर त्यापुढे वेगळे व्याख्यान नको. आज तिच्या हाती 1886 मध्ये नसलेली साधनेही आहेत. शहापूर हा अनुसूचित क्षेत्रातला तालुका, मुरबाडचाही काही भाग त्यात येतो. 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभांना मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा अधिकार दिला आहे. राज्यात इतरत्रही महिलांच्या मतदानाने ‘आडवी बाटली’ निवडून गावातले दुकान बंद करता येते.

ग्रामसभेचा अधिकार वापरायला गावाची सवय लागते आणि एकत्र न पिण्याची सवय इथल्या बऱ्याच गावांना वर्षातला एक महिना आहेच. म्हणून ग्रामसभेत हा विषय घ्यायचा तर तो गणपतीच्या आधी, श्रावण संपत आलेला असताना घ्यावा. तेव्हा गाव शुद्धीवर असते, घरात चार पैसे असतात, आणि ज्याला महिना जमला नाही त्याला दवाखान्यात कोणी न्यायचे, हेही त्याच बैठकीत ठरवता येते.