टॅपेटची कटकट

काकांनी माझ्यासाठी दोनच गोष्टी मागे ठेवल्या. एक दमा आणि दुसरी १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी. दोहोंची लक्षणं सारखीच: थंडीत सकाळी सुरू व्हायला त्रास आणि चढ लागला की धाप. दम्याबद्दल लोक सहानुभूती तरी दाखवतात. पद्मिनीच्या वाट्याला तीही आली नाही, कारण तिच्या बॉनेटखालून सतत टकटक, टकटक असा आवाज यायचा. पहिल्या मजल्यावर राहणारी काकू सोडली, तर सोसायटीत त्या आवाजाची तक्रार न केलेला माणूस नव्हता. आमच्या सौ.चं म्हणणं एकच, "विका एकदाची!" भंगारवाल्याला बोलावलं, तर त्यानं आवाज ऐकून किंमत आणखी खाली आणली. वास्तविक भंगारात घालायच्या गाडीनं टकटक केली काय आणि भैरवी गायली काय!

मी पडलो बी.कॉम. बँकेतल्या खिडकीमागे वीस वर्षं बसून मला नोटांचा आवाज कळतो, इंजिनाचा नाही. शेवटी नाक्यावरच्या म्हाताऱ्या उस्तादांना गाठलं. त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. म्हणाले, "बेअरिंग असतं तर ढब ढब वाजलं असतं. धुराच्या पाइपाचं गॅस्केट फुटलेलं असतं, तर इंजिन तापल्यावर आवाज बहुतेक कमी झाला असता. हा टॅपेटचा आवाज. इंजिनाचे दोन फेरे, तेव्हा याची एक टक."

त्याचं असं आहे. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनवून आपल्या घरातली केली. इंजिन १०८९ सी.सी.चं, चार सिलिंडरचं, म्हणजे आठ व्हॉल्व्ह. खालून कॅम ढकलतो, मधली दांडी वर सरकते, रॉकर व्हॉल्व्हला टपली मारतो. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात जाड कागदाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. त्या फटीतून जी टपली ऐकू येते, तीच ही टकटक.

या टपलीनं वैतागलेला मी पहिला नव्हे, हे वाचून कळल्यावर फार धीर आला. अमेरिकेत चार्ल्स नाइट नावाचे एक गृहस्थ दूध-लोण्याच्या धंद्यासाठी वर्तमानपत्र काढायचे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नॉक्स कंपनीची तीन चाकी मोटार घेतली आणि तिच्या व्हॉल्व्हच्या खडखडाटानं त्यांचं डोकं उठलं. तुम्ही-आम्ही असतो तर कानात कापूस घातला असता. या माणसानं व्हॉल्व्हच काढून टाकले! पिस्टनभोवती वर-खाली सरकणाऱ्या दोन नळ्या बसवल्या आणि त्यांना खिडक्या पाडल्या. त्या समोरासमोर आल्या की हवा आत, धूर बाहेर; ना टपली, ना टकटक. गाडीचं नाव ठेवलं 'सायलेंट नाइट'. मायदेशी फारशी डाळ शिजेना, तेव्हा ते इंग्लंडला गेले. तिथं १९०८ साली डेमलर कंपनीनं त्यांचं इंजिन उचललं आणि खुद्द राजघराण्याच्या दारात त्या मुक्या गाड्या उभ्या राहिल्या. फक्त एक खोड होती: त्या नळ्या तेल प्यायच्या आणि मागून निळा धूर सोडायच्या. म्हणजे स्वारी आल्याचं कानांना कळत नसे, नाकाला कळे. अमेरिकेतही विलिस कंपनीनं पुढं या इंजिनाच्या गाड्या विकल्या, पण १९३३च्या सुमारास तो संसार आटोपला.

तोवर १९३० साली कॅडिलॅकनं सोळा सिलिंडरची गाडी आणली होती. सोळा सिलिंडर म्हणजे बत्तीस व्हॉल्व्ह. त्या सगळ्यांनी एकदम टकटक केली, तर आत बसलेल्या शेठजीला टाइपिंगच्या क्लासात आल्यासारखं वाटेल. म्हणून त्यांनी ती फट तेलाच्या दाबानं भरून काढायची युक्ती केली. फट उरलीच नाही, आवाज संपला. आमच्या पद्मिनीपर्यंत मात्र ही युक्ती पोचली नाही. तिच्या नशिबी पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेजची पातळ पट्टी.

उस्ताद फट नीट लावून देत होते, तरी अगदी बारीक टकटक राहिली. म्हणाले, "एवढी पाहिजेच, साहेब." पण मी इतिहास वाचलेला माणूस! रविवारी कव्हर उघडलं आणि स्वहस्ते आठही स्क्रू आवळले. फट शून्य. गाडी चिडीचूप. सोसायटीत माझं अभिनंदन झालं. सेक्रेटरी बऱ्याच दिवसांनी हसले.

महिन्याभरात पद्मिनी चढावर थांबून मागं येऊ लागली.

उस्तादांनी हेड खोललं आणि एक व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर ठेवला. त्याची कड उंदरानं कुरतडलेल्या पापडासारखी जळून गेली होती. फटच नसल्यानं तापल्यावर तो पुरता मिटेना. आणि व्हॉल्व्ह मिटून आपल्या जागेवर टेकतो, तेव्हाच अंगातली उष्णता सोडू शकतो. "ढिला टॅपेट ओरडतो," उस्ताद म्हणाले, "घट्ट टॅपेट गप्प बसून जळतो. तुमचे काका महिन्यातून एकदा यायचे. आवाज वाढला म्हणून नाही हं, कमी वाटतोय म्हणून."

बिल किती झालं ते सौ.ला अजून ठाऊक नाही. तुम्हीही बोलू नका.

पद्मिनी घरी आणली तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. टकटक, टकटक करत मी गेटमधून आत शिरलो. सेक्रेटरींनी खिडकी लावून घेतली. पहिल्या मजल्यावर मात्र दार उघडलं आणि हात पुसत काकू गॅलरीत आली. माझ्याकडे नव्हे, गाडीकडेच बघत जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "गेला महिनाभर कोण कधी येतंय, काही कळतच नव्हतं रे. ये वर. आवाज ऐकला आणि चहा टाकलाय."

मी वर गेलो. तिनं दोन कप मांडले होते. माझ्या चहात साखर नव्हती. मी साखर घेतो, काका घेत नसत. मी तो तसाच प्यालो.