पद्मिनीचे ब्रेक : जपायचे काय, बदलायचे काय?

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. 2003 मध्ये नोंद झालेल्या त्या गाडीची 20 वर्षांची मुदत संपली होती. काळी-पिवळीच्या आठवणींवर तेव्हा बरेच लिहून आले. पण टॅक्सी गेली तरी पद्मिनी संपलेली नाही. खाजगी मालकांकडे, शेडमध्ये, वाड्याच्या अंगणात ती अजून उभी आहे आणि हौसेने दुरुस्तही होते आहे. रंग, बंपर, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा, सगळे जसेच्या तसे हवे असते. प्रश्न अडतो तो ब्रेकपाशी.

आधी थोडा इतिहास. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 तयार होऊ लागली. तिचा मूळ आराखडा इटलीत 1953 मध्ये आला होता. पुढे भारतात 1100 डी हे मॉडेल आले आणि 1974 पासून तेच 'पद्मिनी' या नावाने ओळखले गेले. म्हणजे नाव बदलले, पण गाडीचा पिंड पन्नाशी-साठीच्या दशकातलाच राहिला. चारही चाकांना ड्रम ब्रेक हाही त्या पिंडाचाच भाग.

ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी भांडे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांपर्यंत दाब पोहोचवते. तिथले छोटे सिलिंडर ब्रेक शूंना बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमला आतून घासतो. चांगल्या स्थितीतले ड्रम गाडी नीट थांबवतात. पण घाटात सतत ब्रेक मारल्यावर ते तापतात आणि पकड सुटत जाते. त्यात जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून दाबाची एकच वाट असे. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला.

याहून चांगले काही तेव्हा ठाऊकच नव्हते, असे मात्र नाही. 1953 मध्ये जॅग्वारने डिस्क ब्रेक लावून ल मान्सची शर्यत जिंकली. 1955 च्या सित्रोएन डीएसला पुढे डिस्कच होत्या. खुद्द फियाटने 1966 मध्ये इटलीत आणलेल्या 1100 आर या मॉडेलला पुढच्या चाकांना डिस्क दिल्या. आपल्याकडे मात्र ड्रम चालूच राहिले. तेव्हा पद्मिनीच्या कुळाला डिस्क परकी आहे, असे म्हणता येत नाही.

मग अस्सलपणाचे काय? 'अस्सल' हा शब्द मराठीत अरबीतल्या 'अस्ल'वरून आला. अस्ल म्हणजे मूळ, ज्यावर बाकीचे उभे राहते ते. हा अर्थ धरला तर काम सोपे होते. लायनर, रबरी कप, होज आणि ब्रेक ऑइल या वस्तू मुळात बदलण्यासाठीच असतात. 40 वर्षांपूर्वीचा कडक झालेला होज 'कंपनीचा आहे' म्हणून ठेवणे याला जतन म्हणत नाहीत. ड्रम मात्र लेथवर साफ करून वापरता येतो, पण ठरलेल्या मापापलीकडे घासला गेला असेल तर तो बादच. सिलिंडर आतून गंजला असेल तर पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवता येते. बाहेरून ओतकाम जुनेच राहते, आतून ते नवे होते.

एक जुनी गोष्ट मात्र कोणत्याही हट्टाखातर राखू नये : ॲस्बेस्टॉसचे लायनर. कितीतरी वर्षे लायनर त्याचेच असत. त्याच्या धुळीने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, हे आता निर्विवाद आहे. ड्रम उघडून कॉम्प्रेसरची हवा मारण्याची सवय आपल्या गॅरेजांत सर्रास दिसते. ती धूळ मालकाच्या नव्हे, मिस्त्रीच्या आणि हाताखालच्या पोराच्या छातीत जाते. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले याच कामावर वाढली. त्यांच्या श्वासाच्या किमतीवर कोणाची गाडी अस्सल राहू नये. धूळ ओल्या फडक्याने पुसावी, लायनर ॲस्बेस्टॉसविरहित घ्यावेत.

यापुढची पायरी मोठ्या बदलांची. दोन स्वतंत्र वाटांचा मास्टर सिलिंडर बसवला तर एक वाट फुटली तरी निम्मे ब्रेक उरतात. बाहेरून फारसे काही दिसत नाही आणि जीव वाचू शकतो. डिस्कचे काम अधिक नाजूक. पुढे डिस्क आणि मागे जुने ड्रम ठेवले की पुढचा-मागचा तोल नव्याने जुळवावा लागतो. ड्रमसाठीचा मास्टर सिलिंडर डिस्कला तसाच जोडला तर डिस्क घासत राहण्याचा धोका असतो. 'मोठे ब्रेक म्हणजे सुरक्षा' हे समीकरण इतके सरळ नाही.

योगायोग पाहा, जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची जतनविषयक सनद फियाटच्याच गावच्या, तुरिनच्या नावाने ओळखली जाते. तिचे सांगणे साधे आहे : बदल कमीत कमी करा, परत फिरवता येतील असे करा आणि काढलेले मूळ भाग सांभाळा. आपल्याकडे 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी दिली. त्यात चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, अशी अट आहे. म्हणून डिस्क लावायचीच तर कापाकापी आणि वेल्डिंग टाळावे. जुने ड्रम-शू तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावेत. कोणत्या साली काय बदलले, याची वही गाडीत असावी. ती वहीसुद्धा गाडीचा इतिहासच.

जुनी गाडी ही अमानत आहे, असे मालक म्हणतात ते खरेच. पण रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा जीवही त्याच चालकाच्या पायाखाली अमानत असतो. प्रदर्शनात वर्षातून दोनदा ढकलत नेण्याची गाडी असेल तर सगळे जुने चालेल. ती घाटात न्यायची असेल, तर आधी ब्रेक बघावेत, मग बंपरची चमक.