लव्हेंडर तेल, एक भाजलेला हात अन् माझी कुजलेली रोपं



मागच्या वर्षी मी पाच गुंठ्यांत लव्हेंडर लावलं होतं. रोपं विकणारा म्हणाला, "तेल सूज उतरवतं, अँटिऑक्सिडंट आहे, औषधवाले दारात येऊन नेतात." ऑगस्टच्या झडीत काळ्या रानात पाणी तुंबलं अन् पंधरा दिवसांत मुळं कुजली. पैसे गेले ते गेलेच. पण त्या तेलात खरंच एवढा दम आहे का, हा प्रश्न डोक्यात राहिला. म्हणून वाचायला बसलो.

गोष्ट सुरू होते 1910 साली फ्रान्सात. रेने-मोरिस गातफोसे हा ल्यों शहराकडचा केमिस्ट, घरचा धंदा सुगंधी द्रव्यांचा. प्रयोगशाळेत स्फोट होऊन तो भाजला. लोक सांगतात, त्यानं घाबरून हात लव्हेंडर तेलात बुडवला अन् जखम बरी झाली. 1937 च्या आपल्या 'आरोमातेरापी' या पुस्तकात त्यानं स्वतः लिहिलंय ते वेगळंच आहे. जखमा चिघळून गॅस गँगरीन झालं होतं, अन् लव्हेंडर तेलानं धुतल्यावर ते थांबलं. म्हणजे त्यानं तेल वापरलं ते समजून उमजून. तरी हा एका माणसाचा अनुभव, त्याला चाचणी म्हणता येत नाही.

त्या काळी प्रोव्हान्सच्या डोंगरात लोक रानटी लव्हेंडर विळ्यानं कापायचे. पुढं 'लव्हांडिन' हा संकर आला. तेल कितीतरी जास्त, पण त्यात कापूर जास्त. अस्सल लव्हेंडरची ताकद लिनालूल अन् लिनालिल ॲसिटेट या दोन घटकांत. 2002 मध्ये इटलीच्या संशोधकांनी उंदरांच्या पंजाला मुद्दाम सूज आणून हे घटक दिले, तर सूज कमी झाली. म्हणजे सूज उतरवण्याच्या दाव्याला आधार आहे, पण तो उंदरावरचा.

आता अँटिऑक्सिडंटचं. फुलातलं रोझमॅरिनिक ॲसिड हे चांगलं अँटिऑक्सिडंट, पण ते वाफेबरोबर उडत नाही. तेल काढल्यावर ते उरलेल्या चोथ्यात अन् पाण्यातच राहतं! उलट तेलातलं लिनालूल हवा लागली की स्वतःच ऑक्सिडाइज होतं, अन् तसल्या तेलानं कातडीला ॲलर्जी येऊ शकते. म्हणून तेल काळपट काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, घट्ट बूच लावून, थंड जागी ठेवायचं.

आपल्या देशात हे पीक जमलं ते जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भदरवाहला. जम्मूच्या सीएसआयआर संस्थेनं अरोमा मिशनमध्ये रोपं अन् तेल काढायची यंत्रं दिली, अन् मका घेणारे शेतकरी लव्हेंडरकडं वळले. पण तिथं उतार आहे, निचरा आहे, कडक थंडी आहे. माझ्या काळ्या रानात यातलं काय होतं?

चूक माझीच. तेलाचा गुण विचारला, पिकाचा स्वभाव विचारला नाही.

अन् एक सांगतो, घरात कुणी भाजलं तर तेल शोधत बसू नका. आधी वीस मिनिटं साधं गार पाणी सोडा, मग दवाखाना.

तुमच्याकडं कुणी लावलंय का? जमीन कसली, पाऊस किती, तेवढं जरूर कळवा.