उभ्या झाडाचा मोबदला

देवरुखहून मार्लेश्वरच्या रस्त्याला लागले की दोन्ही अंगांना दाट रान सुरू होते. नवख्या माणसाला वाटते, हे सगळे वनखात्याचे असणार. प्रत्यक्षात त्या रानाच्या बहुतेक तुकड्यांना सातबारा आहे. सातबाऱ्यावर माणसांची नावे आहेत. त्यातली काही गावातच राहतात, बरीचशी लालबाग, डोंबिवली, विरार अशा ठिकाणी बिऱ्हाड करून आहेत. रत्नागिरी जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग झाडांनी झाकलेला आहे, आणि वनखात्याच्या मालकीची जमीन मात्र जेमतेम एक टक्क्याच्या घरात. गडचिरोलीत जंगलाचा प्रश्न सरकारी कचेरीत सोडवता येईल. रत्नागिरीत तो घराघरांत जाऊन, भावकी गोळा करूनच सोडवावा लागतो.

हे असे का झाले, याची कहाणी जुनी आहे.

शिवकाळाची परंपरा शब्दांत बांधणारे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. आरमाराला लाकूड लागणार हे त्यात धरलेलेच आहे. पण रयतेच्या आंब्या-फणसाला परस्पर हात लावू नये, ती झाडे वर्षानुवर्षे जपून वाढवलेली असतात, एखादे अगदी जुने झाले असेल तर मालकाला राजी करून आणि किंमत मोजून मगच घ्यावे, असा त्याचा आशय आहे. खाजगी जमिनीवरच्या झाडाचा आणि राज्याचा संबंध कसा असावा, याचा विचार कोकणपट्टीत तीनशे वर्षांपूर्वी झालेला होता. त्या विचारात दोन गोष्टी होत्या: मालकाची संमती आणि रोख मोबदला. पुढच्या राजवटींनी कधी पहिली गाळली, कधी दुसरी, आणि बहुधा दोन्ही.

पेशवाई बुडाली आणि दक्षिण कोकण कंपनीच्या हाती गेले. १८२० च्या दशकात इथे डनलॉप नावाचे कलेक्टर होते. लोकांनी सागाची लागवड करावी म्हणून त्यांनी जाहीरनामा काढला आणि खोत-रयतेच्या जमिनीवरील झाडांवरचा सरकारी हक्क सोडून दिला. पुढे हा जाहीरनामा नेमका किती दूर पोचतो यावर खोत आणि सरकार यांच्यात मुंबई हायकोर्टापर्यंत खटले चालले. हेतू लागवडीचा होता, पण खाडीकाठच्या बंदरांतून गलबते भरून लाकूड मुंबईला जात होते, तिथली भूक वाढत होती, आणि झाडावरचा हक्क मिळालेल्या मालकाला ते राखण्यासाठी कोणी दमडी देत नव्हते. ठाणे-कुलाब्यात सरकारने पुढे राखीव जंगले आखली. रत्नागिरीत आखायला सरकारच्या हाती फारसे उरलेच नव्हते.

त्यावर खोतीचा थर. १८८० च्या खोती कायद्याने खोतांचे हक्क कागदावर पक्के केले. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते त्या वेळी मंजूर झाले नाही, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. कुळकायद्याने कसणारा मालक झाला. न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवे होते आणि उशिराच झाले. रानाच्या दृष्टीने मात्र एक वेगळी गोष्ट घडली. डोंगरउतारावरची वरकस जमीन असंख्य लहान मालकांत वाटली गेली, आणि प्रत्येक पिढीत वारसांची नावे वाढत गेली. आज चार-पाच एकरांच्या एका तुकड्यावर वीस-पंचवीस नावे सामाईक असणे यात कोकणात कोणाला नवल वाटत नाही.

मग आला धाक. ३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्रात खाजगी वने संपादन करण्याचा कायदा लागू झाला. लहान मालकांची ओरड झाल्यावर तीन वर्षांनी त्यात दुरुस्ती करून बारा हेक्टरपर्यंतची जमीन परत करण्याची सोय ठेवली, पण जो धडा मालकांनी घ्यायचा तो घेतला: जमिनीवर रान दिसले तर जमीन जाते. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितले की मालकी कोणाचीही असो, जंगल ते जंगलच. देशभरच्या जंगलांना या आदेशाने मोठा आधार मिळाला, हे खरे. संगमेश्वर-लांज्यातल्या मालकाच्या मनात मात्र सातबाऱ्यावर पडू शकणाऱ्या शेऱ्याची भीती दुप्पट झाली. झाड वाढू देणे हाच धोका वाटू लागला.

आणि सगळ्यात मोठा घाव घातला तो एका अनुदानाने. १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली. खड्डे, कलमे, खते, मजुरी यांसाठी लहान शेतकऱ्याला शंभर टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू लागले. या योजनेने कोकणात हजारो घरांत पहिल्यांदा पैसा आला. हापूस आणि काजूने मुलांची शिक्षणे झाली, घरांवरची कौले जाऊन स्लॅब पडले. त्या पैशाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण कलमे लावायची तर आधी उतार मोकळा करावा लागतो. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, उंबर सरसकट तोडले गेले, राहिलेले जाळले गेले. रान उक्ते देण्याची पद्धत आधीपासून होतीच: ठेकेदाराने यायचे, डोंगर डोळ्यांनी जोखायचा, एकरकमी आकडा सांगायचा आणि सगळे कापून न्यायचे. आता त्या उक्त्याच्या रकमेवर पुन्हा सरकारचे अनुदान. डोंगर बोडका करणाऱ्याला पैसे होते, आणि तोच डोंगर हिरवा ठेवणाऱ्याला काहीच नव्हते. रत्नागिरीच्या रानांच्या इतिहासातली खरी चूक हीच, असे ठामपणे म्हणायला हवे.

या रानात काय होते, किंवा अजून काय आहे, ते महाधनेशाकडे पाहिले की कळते. हा पक्षी स्वतः ढोली कोरू शकत नाही. त्याला जुन्या, जाड बुंध्याच्या झाडात आपोआप झालेली मोठी ढोली लागते. विणीच्या हंगामात मादी आत शिरते, दार लिंपून घेते, अरुंद फट तेवढी ठेवते, आणि तीन-चार महिने नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लाला फळे भरवतो. उंबर, पायर, वड अशा झाडांची फळे त्याला आसपास मिळाली पाहिजेत. दरवर्षी तीच ढोली, तेच झाड. उत्तर सह्याद्रीच्या पायथ्याशी असे झाड म्हणजे पुष्कळदा बेहडा. बेहड्याचे लाकूड हलक्या प्रतीचे, सागाशेजारी त्याला किंमत नाही. म्हणून तो उक्त्यात चिल्लर म्हणून जातो. वर सह्याद्री व्याघ्रप्रकल्प आहे, चांदोली-कोयनेला जागतिक वारशाचा दर्जा आहे. पण घाटमाथ्यावरून उडणारा महाधनेश खाली संगमेश्वर तालुक्यात ज्या झाडावर उतरतो ते झाड कोणाच्या तरी आजोबांच्या नावावरचे असते.

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने या गाठीला हात घातला. अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांची ही संस्था १९९० च्या दशकापासून संगमेश्वर तालुक्यात काम करते. सुरुवात देवरहाटींपासून, म्हणजे देवरायांपासून, झाली. देवरहाटीची जुनी व्यवस्था अशी की तिथली वाळकी काटकीसुद्धा देवाला विचारल्याशिवाय न्यायची नाही, झाड हवेच असेल तर कौल लावायचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या या देवरायांचा अभ्यास जगापुढे मांडला तेव्हाच त्यांच्यावरचे संकटही दिसू लागले होते. जीर्णोद्धाराची वर्गणी कमी पडली की गावाची नजर रहाटीतल्या झाडांवर जाते, आणि देवाच्याच झाडांतून देवळाचा स्लॅब पडतो. तिथे नुसता उपदेश उपयोगाचा नव्हता. पैशाच्या अडचणीला पैशाचेच उत्तर हवे होते.

म्हणून संस्थेने रहाटींच्या पलीकडे जाऊन खाजगी रानांच्या मालकांशी करार करायला सुरुवात केली. मालकाने ठरलेल्या मुदतीपर्यंत झाड तोडायचे नाही, त्याबदल्यात त्याला किंवा गावाला ठोस लाभ मिळणार. जमीन मालकाचीच राहते. हा पैसा आला कुठून? मुख्यतः परदेशी अनुदानांतून. जागतिक बँक, फ्रान्स आणि जपानची सरकारे आदींनी मिळून उभारलेल्या क्रिटिकल इकोसिस्टम पार्टनरशिप फंडाने २००८ पासून पश्चिम घाटासाठी सुमारे ६० लाख डॉलर बाजूला ठेवले होते, त्यात सह्याद्री-कोकण हा एक पट्टा होता. ब्रिटिश सरकारच्या डार्विन इनिशिएटिव्हचीही मदत झाली, इंग्लंडच्या केंट विद्यापीठातले अभ्यासक जोडले गेले.

अनुदानाला मुदत असते. तीन वर्षांचा प्रकल्प संपला की मालकाला पुन्हा ठेकेदाराचाच फोन येतो. यावर जो तोडगा निघाला तो या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा भाग आहे. बेहडा म्हणजे त्रिफळ्यातला एक घटक. लाकडाला भाव नसला तरी फळाला गिऱ्हाईक आहे. रानातून गोळा होणाऱ्या वनस्पतींसाठी फेअरवाइल्ड नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. आधी झाडे मोजायची, किती फळ उचलता येईल ते ठरवायचे, रानातल्या प्राण्या-पक्ष्यांसाठी वाटा मागे ठेवायचा, वेचणाऱ्याला रास्त दर आणि वर सामाईक निधीसाठी जादा रक्कम द्यायची, अशा त्याच्या अटी. २०१५ च्या सुमारास इथल्या बेहड्याला आणि हिरड्याला हे प्रमाणपत्र मिळाले, आणि इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची पुक्का हर्ब्स ही कंपनी गिऱ्हाईक झाली. झाडाखाली पडलेली फळे वेचायची, वाळवायची, विकायची. ढोलीचे झाड उभे राहते, आणि दरवर्षी थोडे का होईना उत्पन्न देते. अनुदानाने करायचे ते काम हेच: व्यवहार सुरू होईपर्यंत हात देणे.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली चार्ल्स एलियट यांच्या पुढाकाराने जमिनी सांभाळणारा पहिला न्यास कायद्याने स्थापन झाला. आज तिथे असे शेकडो भूमिन्यास आहेत. मालक आपल्या जमिनीवरचा बांधकामाचा किंवा तोडीचा हक्क तेवढा न्यासाला देतो किंवा विकतो, जमीन ठेवतो, आणि ते बंधन पुढच्या प्रत्येक मालकावर कायम राहते. त्याला करात सवलत मिळते. १९८९ च्या पाणथळ जागांच्या कायद्याने तर सरकारी अनुदानाला अटच घातली की तेवढीच रक्कम इतरांनीही उभी करावी.

महाराष्ट्रात ही वाट जवळजवळ बंद आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे एखाद्या संस्थेने वर्गणी काढून धनेशासाठी डोंगर विकत घ्यायचा म्हटले तरी अडचण. कर्नाटकात मात्र कोडगूमध्ये अनिल आणि पामेला मल्होत्रा या दांपत्याने १९९१ पासून जमीन घेत घेत सुमारे ३०० एकरांचे खाजगी अभयारण्य उभे केले. त्याच राज्यात कोल्लेगलजवळ वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने हत्तींच्या वाटेवरची शेतजमीन विकत घेऊन वनखात्याच्या स्वाधीन केली. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने ‘समुदाय राखीव क्षेत्र’ जाहीर करण्याची सोय आली, पण त्यात मालकाच्या हातात काय पडणार याचे उत्तर नाही. ज्याच्या मनात १९७५ बसले आहे तो नुसत्या सन्मानासाठी सही करणार नाही.

वेळासच्या कासवांचे उदाहरण अनेकदा दिले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून तिथे घरटी राखली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, गावात पाहुण्यांच्या राहण्या-जेवण्यातून मिळकत आली. ते यश खरेच मोठे आहे. पण किनारा सरकारी होता, तिथे पंचवीस वारसांच्या सह्या लागल्या नाहीत. डोंगराला लागतात.

पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने ३१ ऑगस्ट २०११ च्या अहवालात यावर सुचवले होते: देवराया आणि नैसर्गिक वनस्पती राखणाऱ्या शेतकऱ्याला त्या सेवेचे मोल द्यावे. अहवालावर निर्बंधांच्या अंगाने इतका गदारोळ झाला की मोबदल्याची ही पाने फारशी कोणी उघडलीच नाहीत. ती आता उघडली पाहिजेत. कलमे लावायला शंभर टक्क्यांपर्यंत पैसे देणाऱ्या राज्याने उभ्या रानासाठी हेक्टरी, दरवर्षी, दहा-पंधरा वर्षांच्या लेखी कराराने अनुदान द्यावे, आणि त्या कराराच्या आधारे जमीन संपादन होणार नाही अशी हमी त्याच कागदावर लिहून द्यावी. हमीशिवाय पैसा दिला तर लोक घेणार नाहीत, आणि पैशाशिवाय हमी दिली तर ठेकेदार थांबणार नाही.

सरकार हलेपर्यंत एक गोष्ट मुंबई-पुण्यात हे वाचणाऱ्या अनेकांच्या हातात आहे, कारण कोकणातल्या एखाद्या वरकस तुकड्याच्या सातबाऱ्यावर त्यांचेही नाव असणार. उक्त्याचा कागद पुढे आला की वारसाच्या एका सहीवाचूनही सौदा अडतो. येत्या शिमग्याला पालखीसाठी भावकी गावात जमेल तेव्हा डोंगरावर एकदा सगळ्यांनी मिळून जावे, ढोलीचे बेहडे कोणते ते गावातल्या जाणत्याकडून दाखवून घ्यावे, आणि निदान तेवढी झाडे सौद्यातून वगळल्याचे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.