सार्वजनिक स्नानगृहें व नुकसानभरपाईचे दावे

सार्वजनिक पोहण्याच्या तलावांत कोणी बुडाला किंवा जायबंदी झाला, आणि त्याबद्दल नगरपालिकेवर दावा गुदरण्यांत आला, म्हणजे हें अलीकडील काळाचें लक्षण आहे असें पुष्कळांकडून बोललें जातें. पूर्वींचे लोक दैवाला बोल लावून स्वस्थ बसत, हल्लींचे लोक वकिलाकडे धांव घेतात, असा या बोलण्याचा मथितार्थ. हा समज कितपत साधार आहे, हें पाहण्याचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. नगरपालिकेनें चालवावयाच्या स्नानगृहांविषयींचा व तेथील अपघातांविषयींचा कायदा प्रथम इंग्लंडांत आकारास आला, आणि आपल्याकडील कायदाही बव्हंशीं त्याच वळणावर गेला; म्हणून आधीं तिकडील इतिहास पाहणें इष्ट होय.

लिव्हरपूल येथील नगरसभेनें समुद्राच्या पाण्याचें सार्वजनिक स्नानगृह १८२९ सालीं उघडलें. १८३२ च्या पटकीच्या साथींत त्याच शहरांतील किटी विल्किन्सन या गरीब बाईनें आपल्या घरची पाणी तापविण्याची सोय शेजाऱ्यांना कपडे धुण्यासाठीं खुली केली. आणि तिच्या उदाहरणानें १८४२ सालीं फ्रेडरिक स्ट्रीट येथें सार्वजनिक स्नानगृह व धुण्याची जागा निघाली. पुढें १८४६ सालीं पार्लमेंटनें स्नानगृहांचा कायदा करून स्थानिक संस्थांना करांच्या उत्पन्नांतून अशीं गृहें बांधण्याची मुभा दिली. मजूरवर्गासाठीं थंड पाण्याच्या स्नानास एक पेनी व गरम पाण्याच्या स्नानास दोन पेन्स, असे दर असत. मूळ हेतु आरोग्याचा होता, पोहण्याची करमणूक मागाहून आली. झांकलेले पोहण्याचे तलाव बांधण्याची स्पष्ट तरतूद १८७८ च्या कायद्यानें झाली.

आतां ज्या गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें, ती पार्लमेंटच्या त्याच १८४६ च्या अधिवेशनांतील आहे. तोंपर्यंत इंग्लंडांत असा विलक्षण नियम होता कीं, दुसऱ्याच्या हलगर्जीपणानें मनुष्य जखमी झाला तर त्याला भरपाई मागतां येई. परंतु तो मेला तर त्याच्या बायकामुलांस कांहींच मागतां येत नसे. १८०८ सालीं टपालगाडी उलटून पत्नी गमावलेल्या एका पतीच्या दाव्यांत लॉर्ड एलनबरो यांनीं सांगितलें कीं, मनुष्याचा मृत्यु ही दिवाणी न्यायालयांत इजा म्हणून मांडतां येणारी गोष्ट नव्हे. पत्नी जिवंत होती तेवढ्या दिवसांपुरतीच भरपाई पतीस मिळाली. दुसऱ्या बाजूस, ज्या वस्तूनें मनुष्य मेला ती वस्तु किंवा तिची किंमत सरकारजमा करण्याची जुनी चाल चालूच होती. म्हणजे मृत्यूचा दंड राजाकडे जाई आणि घर उघडें पडे. १८४६ च्या अधिवेशनांत ही चाल रद्द झाली, आणि लॉर्ड कँपबेल यांच्या कायद्यानें मृताच्या पतीला, पत्नीला, आईबापांना व मुलांना दाव्याचा हक्क मिळाला. तात्पर्य, ज्या अधिवेशनानें लोकांना सार्वजनिक स्नानगृह दिलें, त्याच अधिवेशनानें बुडालेल्याच्या कुटुंबासही न्यायालयाचें दार उघडलें. दावा हा स्नानगृहाच्या मागून आलेला रोग नसून त्याचें जुळें भावंड आहे.

यावर असा आक्षेप येईल कीं, नगरपालिका नफ्यासाठीं तलाव चालवीत नाहीं, मग तिनें भरपाई कां द्यावी? हाच आक्षेप मर्सी नदीवरील गोद्यांच्या विश्वस्तांनीं घेतला होता. गोदीच्या तोंडाशीं सांचलेल्या चिखलांत जहाज रुतून मालाचें नुकसान झालें. आम्ही लोकहिताकरितां काम करतों, आम्हांस नफा नाहीं, असें विश्वस्तांचें म्हणणें होतें. १८६६ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें तें अमान्य केलें. सार्वजनिक संस्थेसही खाजगी मालकाइतकीच काळजी घेतली पाहिजे, असें तेव्हांपासून ठरलें.

परंतु एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें आंखडलें गेलें. १८९३ च्या कायद्यानें सार्वजनिक संस्थांवरील दाव्यांस सहा महिन्यांची मुदत घातली. ही मुदत १९३९ सालीं एक वर्षाची झाली, आणि १९५४ सालीं हा भेद अजीबात काढून टाकून शारीरिक इजेच्या सर्व दाव्यांस तीन वर्षें देण्यांत आलीं. म्हणजे साठ वर्षेंपर्यंत खाजगी मालकाच्या हौदांत पडलेल्यापेक्षां नगरपालिकेच्या हौदांत पडलेल्याचा हक्क कमी टिके. मूल गमावलेल्या घराला सहा महिने म्हणजे किती, हें वाचकांनींच मनांत आणावें.

यानंतर १९५७ च्या कायद्यानें जागेच्या ताबेदारावर आल्यागेल्या सर्वांविषयीं वाजवी काळजीचें एकच कर्तव्य ठेविलें, व मुलें मोठ्यांपेक्षां कमी सावध असतात हें ताबेदारानें गृहीत धरावें असें स्पष्ट म्हटलें. ‘अपघातास आम्ही जबाबदार नाहीं’ अशा फलकाची मातब्बरीही १९७७ च्या कायद्यानें संपविली. हलगर्जीपणानें झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी व्यवसायचालकाला नुसत्या सूचनेनें झटकतां येत नाहीं.

येवढ्यावरून न्यायालयें मागेल त्याला देत सुटलीं असें मात्र कोणी समजूं नये. चेशायर परगण्यांत वाळूच्या जुन्या खाणीचें एक तळें होतें. तेथें पोहण्यास मनाई असल्याचे फलक होते. मे १९९५ मध्यें अठरा वर्षांच्या एका तरुणानें उथळ पाण्यांत सूर मारला, मान मोडली आणि तो पंगु झाला. किनारा बुजवून झाडें लावण्याचा नगरसमितीचा बेत होता, पण पैशाअभावीं तो लांबला होता. यावरून धोका तिला ठाऊक होता असा वादीचा युक्तिवाद होता. २००३ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें दावा फेटाळला. धोका तळ्याच्या स्थितींत नसून सुरांत होता, आणि कांहींच्या अविचारापायीं इतर सर्वांचा किनारा हिरावून घेणें युक्त नव्हे, असें मत पडलें.

याच्या उलट एसेक्स परगण्यांतील प्रकरण पाहा. जुलै २००० मध्यें दहा वर्षांची एक मुलगी शाळेच्या वेळांत पोहण्याच्या शिकवणीस गेली असतां बुडतां बुडतां वांचली, पण तिच्या मेंदूस गंभीर इजा झाली. शिकवणी व देखरेख बाहेरच्या ठेकेदाराकडे होती. सबब ठेकेदाराच्या चुकीबद्दल आपण जबाबदार नाहीं, असें शिक्षणखात्याचें म्हणणें. खालच्या दोन्ही न्यायालयांनीं तें मानलें. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें ठरविलें कीं, शाळेच्या ताब्यांतील मुलाची काळजी हें कर्तव्य काम दुसऱ्यास दिल्यानें सुटत नाहीं. आणि वस्तुस्थितीच्या चौकशीसाठीं प्रकरण परत धाडलें. सज्ञान तरुणानें आपल्या इच्छेनें मारलेला सूर आणि दुसऱ्याच्या हवालीं केलेलें मूल, हा भेद दोन्ही निकालांच्या मुळाशीं आहे.

आपल्याकडे पाहतां, लॉर्ड कँपबेल यांच्या कायद्याच्या धर्तीवर १८५५ चा तेरावा कायदा झाला. मुदतीचें बंधनही आलें. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्याच्या ५२७ व्या कलमांत, दाव्यापूर्वीं एक महिन्याची लेखी नोटीस व सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. बियास नदींत सहलीस गेलेलीं चौदा शाळकरी मुलें १९९५ सालीं बुडालीं, तेव्हां प्रत्येक मुलामागें पांच लाख रुपये देण्याचा उच्च न्यायालयाचा हुकूम २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायम केला. ती नदी होती, तलाव नव्हे. तरी हवालीं केलेल्या मुलाचें तत्त्व तेंच.

एवंच, दावे वाढले म्हणून लोक बिघडले, हें म्हणणें इतिहासास धरून नाहीं. हक्क १८४६ पासूनचा आहे. पुढील काळांत जें बदललें तें हक्क बजावण्याच्या वाटेंतील अडसर. आणि हा हक्क नगरपालिकांना तलाव बंद करावयास लावतो, ही भीतिही चेशायरच्या निकालापुढें टिकत नाहीं. लोकांना पाण्याशीं बोलावणाऱ्या संस्थेनें तें पाणी राखावें, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे.