आपल्याविषयी कोणी लिहावे? : ‘प्रेझांस आफ्रिकेन’ची कथा

१९४७ हे साल आपण सारे भारतीय स्वातंत्र्याचे साल म्हणून स्मरतो. त्याच वर्षाच्या अखेरीस, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पॅरिस आणि डाकार या दोन शहरांतून एकाच वेळी एका फ्रेंच नियतकालिकाचा पहिला अंक बाहेर पडला. त्याचे नाव ‘प्रेझांस आफ्रिकेन’, म्हणजे आफ्रिकेची उपस्थिती. शाळेत हजेरी घेतली जात असताना एखाद्या मुलाने उभे राहून ‘हजर’ म्हणावे, तसे हे नाव आहे. आफ्रिका खंडाचा बहुतेक भाग तेव्हा युरोपीय सत्तांच्या अमलाखाली होता आणि ज्ञानाच्या वर्गात त्या खंडाची हजेरी घेण्याचे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

या नियतकालिकाचे संस्थापक अलियून दियोप यांचा जन्म १९१० साली सेनेगलमधील सेंट-लुई या गावी एका मुस्लिम कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते अल्जिअर्सला व पुढे पॅरिसला गेले, शिक्षक झाले आणि १९४४ साली त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा घेतला. काही काळ ते फ्रेंच संसदेच्या वरिष्ठ सभागृहात सेनेगलचे प्रतिनिधीही होते. परंतु राजकारणात त्यांचे मन रमले नाही. आपल्या खंडाला नुसता झेंडा मिळून भागणार नाही, त्याला स्वतःचा विचार छापण्यासाठी हक्काची जागा हवी, हे त्यांनी ओळखले. १९८० साली मृत्यू येईपर्यंत ती जागा सांभाळणे हेच त्यांचे जीवितकार्य ठरले.

तीन भागांची योजना

पहिल्या अंकात दियोप यांनी नियतकालिकाचा उद्देश सांगणारा लेख लिहिला. त्याच्या शीर्षकासाठी त्यांनी तुकुलोर लोकांच्या एका म्हणीचा पूर्वार्ध घेतला होता. जगण्यासाठी खा, लठ्ठ होण्यासाठी नव्हे, असा त्या म्हणीचा आशय आहे. हे नियतकालिक कोणत्याही एका राजकीय किंवा तात्त्विक पंथाचे बांधील राहणार नाही, सद्भावनेच्या सर्व माणसांना ते खुले राहील, अशी ग्वाही त्यांनी दिली. पाठीराख्यांची यादीही तशीच होती. तिच्यात आंद्रे जीद व सार्त्र यांच्यासारखे फ्रेंच साहित्यिक होते, सेनेगलचे सेंगोर आणि मार्टिनिकचे एमे सेझेर हे कवी होते, कॅथलिक विचारवंत इमॅन्युएल मुनिए आणि डॉमिनिकन संघाचे फादर मायदिय हेही होते. नास्तिक आणि धर्मगुरू एका कागदावर आले, ते आफ्रिकेसाठी.

त्या लेखातील अंकाची योजना आज वाचताना आम्ही क्षणभर थबकतो. अंकाचे तीन भाग होते. पहिल्या भागात आफ्रिकेच्या अभ्यासकांचे, अर्थात बहुतांशी युरोपीय विद्वानांचे, संशोधनपर लेख. दुसऱ्यात आफ्रिकन लेखकांच्या कथा, कविता आणि नाटके. तिसऱ्यात ग्रंथपरीक्षणे. दुसरा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, असे दियोप यांनी स्पष्ट म्हटले होते. तरीही वस्तुस्थिती लपत नाही. संशोधन गोऱ्यांचे आणि कविता काळ्यांची, अशी ही वाटणी होती. दुसऱ्या भागातला माणूस पहिल्या भागात कसा पोहोचला, हाच या नियतकालिकाचा खरा इतिहास आहे.

ही वाटणी दियोप यांनी निर्माण केलेली नव्हती. ती आधीपासून चालत आली होती. १९०६ साली दैवी शब्द संघाचे फादर विल्हेल्म श्मिट यांनी ‘आंथ्रोपोस’ हे मानववंशशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. जगभरच्या मिशनऱ्यांनी आपापल्या भागातील भाषा, रूढी आणि श्रद्धा यांची टिपणे काढून त्यात प्रसिद्ध केली. १९२८ साली लंडनहून ‘आफ्रिका’ हे नियतकालिक निघाले. या मंडळींनी उन्हातान्हात हिंडून, परक्या भाषा शिकून जे जतन केले त्याचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या सगळ्या कागदांत आफ्रिकन माणसाच्या वाट्याला कोणती भूमिका येई? बहुधा माहिती पुरवणाऱ्याची नाहीतर दुभाष्याची. निष्कर्ष काढणारा दुसरा असे.

फादर टेम्पल्स यांचा ग्रंथ

१९४९ साली दियोप यांनी नियतकालिकाला जोडून प्रकाशनगृह सुरू केले. त्याने काढलेले पहिलेच पुस्तक एका मिशनरी धर्मगुरूचे होते. बेल्जियमचे फ्रान्सिस्कन फादर प्लासीड टेम्पल्स काँगोच्या कटंगा भागात काम करीत होते. लोक आपला उपदेश ऐकतात, मान डोलावतात, पण संकट आले की पुन्हा आपल्या जुन्या वाटेने जातात, असा त्यांचा अनुभव होता. इतर जण याला अडाणीपणा म्हणून मोकळे होत. टेम्पल्स यांनी मात्र उलट विचार केला. या लोकांच्या वागण्यामागे सुसंगत असे काही तत्त्वज्ञान असले पाहिजे, आणि ते न समजता आपण बोलत असू तर चूक आपली आहे. त्यांच्या मते बांटू भाषा बोलणाऱ्या समाजांच्या विचाराचा गाभा ‘जीवनशक्ती’ हा होता. असणे म्हणजेच शक्ती. ती वाढते, घटते, पूर्वजांकडून येते आणि एकाकडून दुसऱ्यावर परिणाम करते.

‘बांटू तत्त्वज्ञान’ या नावाने हे पुस्तक प्रथम १९४५ साली काँगोत फ्रेंचमध्ये निघाले. ज्यांना ‘रानटी’ म्हणायची सवय होती त्यांना तत्त्वज्ञान आहे, हे विधानच तेथील अनेक वरिष्ठांना रुचले नाही. १९४६ साली टेम्पल्स मायदेशी परतले आणि १९४९ पर्यंत त्यांना काँगोत जाता आले नाही. त्याच १९४९ मध्ये दियोप यांनी आपली प्रस्तावना जोडून ते पुस्तक पॅरिसला छापले. तिच्या शीर्षकासाठी त्यांनी त्याच म्हणीचा उत्तरार्ध वापरला.

गोष्ट इथेच संपली असती तर ती एका उदार मिशनऱ्याची आणि एका कृतज्ञ प्रकाशकाची गोष्ट झाली असती. पण दियोप यांना नुसता गौरवग्रंथ काढायचा नव्हता. एमे सेझेर यांनी आपल्या वसाहतवादविरोधी निबंधात टेम्पल्स यांच्यावर तिखट टीका केली. मजुराला पुरेसे वेतन, घर आणि अन्न देण्याऐवजी त्याच्या तत्त्वज्ञानाची तारीफ करणे सत्ताधाऱ्यांना किती सोयीचे आहे, असा त्यांचा रोख होता. तो निबंध १९५५ साली कोणी छापला? ‘प्रेझांस आफ्रिकेन’नेच. ज्या छत्राखाली ग्रंथ निघाला त्याच छत्राखाली त्याचे खंडनही निघाले. आपल्याकडे एखाद्या लेखावर टीका आली की संपादकाने बाजू बदलली असे समजले जाते. दियोप यांनी बाजू बदलली नव्हती. सत्य पारखायचे तर दोन्ही पारडी एकाच तराजूला हवीत, एवढेच त्यांनी जाणले होते.

माहिती देणारा अभ्यासक होतो

याच सुमारास रवांडाचे एक धर्मगुरू, फादर अलेक्सी कागामे, रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात याच विषयावर प्रबंध लिहीत होते. तो १९५६ साली ब्रसेल्सला छापला गेला. कागामे यांनी आपल्या मातृभाषेच्या, किन्यारवांडाच्या, व्याकरणातून वाट काढली. या भाषेत नामांचे वर्ग त्यांना लागणाऱ्या उपसर्गांवरून ठरतात. ‘न्तु’ या एकाच धातूपासून बुद्धी असलेल्याला ‘उमुन्तु’, बुद्धी नसलेल्या वस्तूला ‘इकिन्तु’, स्थळकाळाला ‘अहान्तु’ आणि असण्याच्या रीतीला ‘उकुन्तु’ असे शब्द होतात. सारे अस्तित्व या चार कप्प्यांत मावते, असे त्यांनी मांडले. त्यांचे सगळेच म्हणणे पुढे मान्य झाले असे नाही. परंतु आता प्रत्येक पायरीचा पुरावा वाचकासमोर होता. ज्याला ती भाषा येते तो दाखवू शकत होता की इथे तुम्ही चुकलात.

इतिहासाच्या क्षेत्रातही असेच घडले. सेनेगलचे शेख अंता दियोप यांनी प्राचीन इजिप्तची संस्कृती मुळात काळ्या आफ्रिकेची होती, असा सिद्धान्त मांडला. तो पॅरिसच्या विद्यापीठात प्रबंध म्हणून परीक्षेला उभा राहू शकला नाही, तेव्हा १९५४ साली ‘प्रेझांस आफ्रिकेन’ने तो ग्रंथरूपाने काढला. लेखकाला डॉक्टरेट मिळायला १९६० साल उजाडले. त्या सिद्धान्तावर विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाले. पण वाद होण्यासाठी आधी पुस्तक वाचकांच्या हाती यावे लागते.

सप्टेंबर १९५६ मध्ये दियोप यांनी सॉर्बोनमध्ये कृष्णवर्णीय लेखक आणि कलावंतांची पहिली परिषद भरवली. आदल्या वर्षी बांडुंगला आशिया-आफ्रिकेतील देश एकत्र आले होते आणि त्यात भारताचा वाटा मोठा होता. पॅरिसची परिषद म्हणजे संस्कृतीचे बांडुंग, असे तिचे वर्णन झाले. त्याच वर्षी आफ्रिका आणि हैती येथील तरुण धर्मगुरूंच्या लेखांचा संग्रह पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. काळे धर्मगुरू प्रश्न विचारीत आहेत, अशा अर्थाचे त्याचे नाव होते. आपली श्रद्धा आपल्याच संस्कृतीच्या भाषेत कशी मांडावी, हा त्यांचा प्रश्न होता.

दुसरी परिषद १९५९ साली रोममध्ये झाली. आज्ञागुरुवारी, २६ मार्चला, ती सुरू झाली आणि ईस्टर उलटल्यावर १ एप्रिलला संपली. त्या दिवशी पोप तेविसावे जॉन यांनी प्रतिनिधींची भेट घेतली. ख्रिस्तसभा स्वतःला कोणत्याही एका संस्कृतीशी एकरूप मानीत नाही, जिच्याशी तिचा इतिहास जवळून जोडला गेला आहे त्या पाश्चात्त्य संस्कृतीशीही नाही, असा आशय त्यांनी मांडला. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी विश्वपरिषद भरवण्याचा मानस जाहीर केला होता. व्हॅटिकन परिषद चालू असतानाच, १९६३ साली, दियोप यांच्या प्रकाशनगृहाने आफ्रिकन व्यक्तिमत्त्व आणि कॅथलिक धर्म या विषयावरील लेखसंग्रह काढला.

एका येशूसंघीयाचा लेख

१९६८ साली ‘प्रेझांस आफ्रिकेन’च्या ६६ व्या अंकात एक दीर्घ लेख आला. लेखक होते कॅमेरूनचे फाबियें एबुसी बुलागा, त्या वेळी येशूसंघात असलेले तरुण विचारवंत. त्यांनी टेम्पल्स यांचा ग्रंथ ओळीओळीने तपासला. बांटूंना आपले तत्त्वज्ञान स्वतः मांडता येणार नाही, ते आम्ही मांडू आणि ते त्यात स्वतःला ओळखतील, अशी टेम्पल्स यांची भूमिका होती. एबुसी यांनी नेमके तिथेच बोट ठेवले. ज्याच्या वतीने बोलायचे त्याला मुके ठरवून त्याचा गौरव कसा होईल?

अलियून दियोप तेव्हा हयात होते. स्वतः प्रस्तावना लिहून ज्या पुस्तकाने त्यांनी प्रकाशनगृहाचा आरंभ केला, त्याच पुस्तकाची चिरफाड त्यांच्याच नियतकालिकाने छापली. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कार्याचा हा कळस होता. दुसऱ्या भागात कविता लिहिणारा आफ्रिकन आता पहिल्या भागात आला होता, आणि युरोपीय विद्वानांप्रमाणेच आपल्या हितचिंतकांचीही परीक्षा घेत होता.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. हे सारे मुख्यतः फ्रेंचमध्ये आणि पॅरिसमधून चालले. ज्या गावकऱ्यांच्या विचाराविषयी वाद होता, त्यांच्या भाषेत त्यातले फारच थोडे पोहोचले.

१९७७ साली दियोप आणि त्यांचे सहकारी यांनी आबिजान येथे कृष्णवर्णीय संस्कृती आणि कॅथलिक ख्रिस्तसभा या विषयावर परिसंवाद भरवला. आफ्रिकन ख्रिस्तसभेने स्वतःची सभा भरवून आपले प्रश्न आपण पाहावेत, या विचाराला तेथून जोर आला. एप्रिल १९९४ मध्ये रोमला आफ्रिकेसाठी महागुरूंची खास सिनड भरली, तेव्हा दियोप यांना जाऊन चौदा वर्षे झाली होती.

आम्हाला ही कथा दूरची वाटत नाही. वसईच्या जुन्या चर्चेसचा इतिहास लिहायला बसले की हाती पोर्तुगीज दप्तरे आणि मिशनऱ्यांची पत्रे येतात. ज्यांनी ती लिहिली त्यांचे आभार मानावेत. पण त्यांनी लिहिले म्हणून ते अखेरचे, असे मानू नये. आपल्या आजीच्या तोंडची गाणी, लग्नातले विधी, शेताची नावे यांची साक्ष आपण मांडली नाही तर दुसरा कोणी येऊन ती मांडील. मांडताना मात्र पुरावा द्यावा, आणि शेजाऱ्याने चूक दाखवली तर ती पुढच्या अंकात छापावी. या दुसऱ्या गोष्टीला अधिक धैर्य लागते. दियोप यांच्या त्या म्हणीचा आम्हाला लागलेला अर्थ हाच आहे. समाजाने आपले ज्ञान जगण्यासाठी घ्यावे. नुसत्या अभिमानाने फुगण्यासाठी घेतले तर ते अंगी लागत नाही.